दोनदा वाजलं म्हणजे नाही

मोठीमाय गेल्याचा निरोप आला तेव्हा मी धुळ्याच्या शाळेत नववीच्या वर्गावर होते. शिपाई दारात येऊन उभा राहिला. हाताने फोनची खूण केली आणि मान खाली घातली. तेवढ्यात मला काय ते कळलं. फोनवर धाकटा भाऊ होता. "ताई, मोठीमाय गई..." एवढंच म्हणाला, मग बराच वेळ नुसता त्याच्या नाक ओढण्याचा आवाज येत राहिला. मिळेल ती एसटी धरून एरंडोल गाठलं, तिथून रिक्षाने गाव. ओट्यावर बाया दाटीवाटीने बसल्या होत्या. त्यांच्यातून वाट काढत आत जाईपर्यंत निदान चौघींनी मला एकच गोष्ट ऐकवली. "फार शांत बाई व्हती व माय. तिना आवाज म्हनून कवा आयकाले भेटना नही." दारात प्रेत असताना भांडू नये एवढं वळण मलाही आहे, म्हणून तेव्हा गप्प बसले. पण आज पाच आठवडे झाले तरी तो संताप उतरत नाही, म्हणून हे लिहायला बसले. मोठीमाय शांत नव्हती. आमच्या घरात सगळ्यात जास्त बोलणारी बाई तीच होती, आणि ज्यांना ते ऐकू आलं नाही त्यांनी आपले कान तपासून घ्यावेत.

मोठीमाय म्हणजे माझ्या थोरल्या काकांची, तात्यांची बायको. नाव द्वारका. तात्या धुळ्याला एसटीच्या डेपोत मेकॅनिक होते. शनिवारी संध्याकाळी गावी यायचे, सोमवारी पहिल्या गाडीने जायचे. त्यांना मूलबाळ नव्हतं. घरात माझे आजोबा, त्यांना सगळं गाव आबा म्हणायचं, माझे आईवडील आणि आम्ही भावंडं. आजी माझ्या जन्माआधीच गेलेली. आमच्यात सुनेने सासऱ्यासमोर तोंड उघडायची पद्धत नव्हती. पदर नाकापर्यंत ओढायचा, मधल्या दाराच्या आड उभं राहायचं आणि काही सांगायचंच झालं तर पोरासोरांच्या तोंडून सांगायचं. माझी आई तेच करायची. "आबाले सांग, पानी तापी गयं," असं ती मला म्हणायची. आबा तिथेच दोन हातांवर बसलेले असत, त्यांना आईचं बोलणं लख्ख ऐकू जात असे, पण मी तेच वाक्य पुन्हा म्हणेपर्यंत ते जागचे हलत नसत. आईवर रुसलेली असले की मी मुद्दाम निरोप गिळून टाकायची, आणि न्हाणीतलं पाणी पार निवून जायचं.

मोठीमायला असलं कोणी मिळालंच नव्हतं. ती या घरात पहिली सून म्हणून आली तेव्हा ना सासू होती, ना घरात एखादं पोर. माझे वडील शेतात गेले की दिवसभर घरात दोनच माणसं, ती आणि आबा, आणि दोघांमध्ये एक दार. पहिले दोन-तीन महिने म्हणे भारीच ओढाताण झाली. मग तिने आपली वाट काढली. तिच्या हातात हिरव्या काचेच्या बांगड्या आणि त्यांच्या मागेपुढे चांदीचे गोट असत. मधल्या दाराची चौकट सागाची. आडोशाला उभं राहून ती मनगट चौकटीवर एकदा टेकवायची... गोटाचा टक्क आणि त्यामागून काचेची किणकिण. एकदा वाजलं म्हणजे हो. दोनदा वाजलं म्हणजे नाही. आणि नुसत्या बांगड्या खुळखुळवल्या म्हणजे इकडे लक्ष द्या. हे तिला कोणी शिकवलं नव्हतं आणि तिनेही आबांना समजावून सांगितलं नव्हतं. सांगणार तरी कशी? आबा आपोआप शिकले.

आता यात गंमत अशी, की हो आणि नाही एवढीच उत्तरं मिळणार म्हटल्यावर नीट प्रश्न विचारायची जबाबदारी आबांवर येऊन पडली. गावात चार माणसांत दुसऱ्याला बोलू न देणारा हा माणूस मधल्या दारासमोर मात्र तोलून मापून बोलायचा. बाजाराला निघाले की हवेत बघत विचारायचे, "एरंडोल जाई राहिनू. काही लागस का?" टक्क. मग सुरू व्हायची यादी. "मीठ?" टक्क टक्क. "गूळ?" टक्क टक्क. "जिरं? हिंग? काडीपेटी?" सगळं दुकान संपायचं तरी नाहीच. शेवटी आबा घामाघूम होऊन विचारायचे, "मंग काय, दिवाबत्तीनं तेल?" तेव्हा एकदाच टक्क, आणि त्या टक्कमध्ये इतका वेळ लावल्याबद्दलचा राग साफ ऐकू यायचा. तिच्या नाहीतही नाना तऱ्हा होत्या. सावकाश दोनदा म्हणजे राहू द्या, एवढं काही नडलेलं नाही. भरभर दोनदा म्हणजे पुन्हा विचारूसुद्धा नका. कापूस आज गाडीत भरायचा की आठ दिवस थांबायचं, बैल बदलायचा की नाही, माझ्या वडिलांसाठी आलेलं स्थळ बघायला जायचं की नाही, सगळं आबांनी त्या दाराला विचारून केलं. ज्या घरांतल्या सुना म्हणे चांगल्या मोकळ्या बोलायच्या, त्यांना कापसाचं कोणी विचारत होतं का? मी चौकशी केली आहे. एकीलाही नाही.

एकदाच हे सगळं कोसळलं. मी तेव्हा सातवीत असेन. त्या सुमाराला प्लॅस्टिकच्या बांगड्यांची नवलाई आली होती. फुटत नाहीत, टोचत नाहीत, रंग तर असे की बघत राहावं. तात्यांनी धुळ्याहून हौसेने डझनभर आणल्या. मोठीमायने काचेच्या उतरवल्या, गोट उजळायला सोनाराकडे दिले आणि त्या लालभडक बांगड्या हातभर चढवल्या. दुसऱ्या दिवशी तात्या परत गेलेले, आई माहेरी, वडील शेतात, आम्ही शाळेत. दुपारी स्वयंपाक झाला. मोठीमायने सवयीने मनगट चौकटीवर टेकवलं. आवाजच नाही! तिने जोराने आपटलं. भप्प. खुळखुळवून पाहिलं. काही नाही. आबा ओसरीवर तसेच बसून. मी शाळेतून आले तेव्हा साडेपाच वाजले होते. ओसरीवर आबा उपाशी, काळेठिक्कर पडलेले, आत मोठीमाय उपाशी, ताटावर ताट झाकलेलं. आबा मला बघताच गरजले, "आज चूल पेटनी नही का घरमा?" मोठीमाय दाराआड पदर तोंडात कोंबून हसत होती आणि तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. दोघांतल्या एकानेही रीत मोडली नव्हती. तिने हाक मारली नाही, त्यांनी आत डोकावलं नाही. एक ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकर मध्ये ठेवून दोन शहाणी माणसं दिवसभर उपाशी राहिली. त्या रात्री प्लॅस्टिकच्या बांगड्या माझ्या हातात आल्या. मला मोठ्या होत होत्या, तरी घातल्या.

हे हसण्यावारी गेलं. पण मोठीमायला त्या दिवशी काहीतरी उमगलं असणार, असं मला आता वाटतं.

मी अकरावीत असताना तात्या गेले. डेपोतून दुपारी जेवायला खोलीवर आले आणि आडवे झाले ते उठलेच नाहीत. मोठीमाय तेव्हा चाळिशीतही नव्हती. दहाव्या दिवशी सकाळी आबांची धाकटी बहीण, आम्ही तिला फुईआजी म्हणायचो, धुळ्याहून आणलेल्या चार बायांसह परसात बसली आणि मोठीमायला समोर घेतलं. कुंकू पुसलं. गोट ओढून काढले. मग बांगड्या. मी खांबाला धरून उभी होते. दगडावर एकेक बांगडी फुटत होती आणि मोठीमाय रडत नव्हती, हाताकडे बघत होती. मला तेव्हा फक्त चीड आली होती. हे लोक तिचं नुसतं सौभाग्य उतरवत नाहीत, तिची जीभ कापताहेत, हे माझ्या ध्यानात आलं नव्हतं. तिच्या आलं होतं.

कारण त्याच दिवशी ओसरीवर दुसरीच बोलणी चालली होती. मोठीमायचा भाऊ आला होता. मूल नाही, नवरा नाही, मग तिने इथे राहून काय करायचं, माहेरी नेऊन घाला, असं फुईआजीने ठरवून टाकलं होतं. तिची लुगडी पिशवीत भरूनही झाली होती. पुरुष माणसं माना हलवत होती. फक्त आबा... त्यांनी तेवढं मात्र केलं. वीस-एकवीस वर्षांच्या सवयीने ते मधल्या दाराकडे तोंड करून म्हणाले, "भाऊ लेवाले येल शे. जावानं का?"

मी आतल्या बाजूला मोठीमायच्या शेजारी होते. तिने हात उचलला. उघडं, पांढरं पडलेलं मनगट चौकटीवर दोनदा आपटलं. मला दिसलं. बाहेर कोणाला काही ऐकू गेलं नाही. हाडाचा लाकडावर कसला आवाज होणार! आबा वाट बघत राहिले. तिने पुन्हा आपटलं, या वेळी कातडी सोलली जाईल इतक्या जोराने. बाहेर फुईआजी म्हणाली, "गप्प शे. म्हंजे मंजूर शे." भावाने पिशवी उचलली.

आणि मोठीमायने उंबरा ओलांडला. पदर होता डोक्यावर, तो काही तिने टाकला नाही. ओसरीच्या मध्यावर, एवढ्या पुरुषांत, आबांच्या समोर येऊन उभी राहिली. "आबा, मी जावाव नही," ती म्हणाली. "बांगड्या तुम्हीच काढ्यात. आते तोंडच उघाडनं पडी. हाई मनं घर शे." तिचा आवाज जाड होता, किंचित घोगरा, बायांना साजेसा म्हणतात तसला मुळीच नाही. आबांनी तो आयुष्यात पहिल्यांदा ऐकला. तिने भावाच्या हातातली पिशवी काढून घेतली, खांद्याला लावली आणि आली तशी आत गेली.

फुईआजी ओरडायला लागली, लाज, अब्रू, जात, सगळं एका दमात. आबा उठले. त्यांनी हातातली काठी फरशीवर आपटली आणि शेताकडे चालते झाले. ती काठी त्यांनी रागाने आपटली असं फुईआजी शेवटपर्यंत सांगत राहिली. असेल. मी भांडत नाही. पण आबांनी काठी एकदाच आपटली होती. मी तिथे होते, मी मोजलं आहे.

मोठीमाय राहिली. पण आबा त्यानंतर तिच्याशी एक शब्द बोलले नाहीत. म्हणजे उलटंच झालं. आता ती दाराशी येऊन खणखणीत सांगायची, "आबा, जेवन तयार शे," आणि आबा ओसरीतून काठी एकदा वाजवायचे. "आबा, आज कापूस येचाले बाया सांगू का?" काठी दोनदा. सुनेशी बोलायचं नाही आणि सुनेवाचून चालतही नाही, म्हणून त्या हट्टी म्हाताऱ्याने तिचीच भाषा उचलली, आणि ती उचलली आहे हे मरेपर्यंत कबूल केलं नाही. मी तेव्हा जळगावला कॉलेजात जायला लागले होते आणि मला सगळ्या जगाचा राग येत होता. सुट्टीत आले की मी मोठीमायशी भांडायची. वीस वर्षं तू तोंड शिवून का बसलीस, आधीच का नाही बोललीस, असं विचारायची. ती मिरच्या खुडत असायची. "मी बोलतच व्हतू," ती म्हणायची. "तुले आयकू येत नव्हतं का?" मला ऐकू येत होतं. मलाच काय, घरात सगळ्यांना येत होतं. मग मीही तिच्याबरोबर मिरच्या खुडायला बसायची.

आणखी पाच-सहा वर्षं गेली. मी जळगावला शाळेत नोकरीला लागले, पिंप्राळ्यात दोन खोल्या भाड्याने घेतल्या. त्याच वर्षी आबांना लकव्याचा झटका आला. उजवी बाजू गेली आणि वाचा गेली. दवाखान्यातून सोडल्यावर रोज डॉक्टरकडे नेता यावं म्हणून त्यांना माझ्याकडेच ठेवलं. पहिले दोन दिवस आबांचं सगळं वडिलांनी केलं. आबा डाव्या हाताने लोखंडी पलंगाची दांडी वाजवायचे. वडील पाणी द्यायचे, आबा दांडी वाजवायचे. वडील पंखा लावायचे, उशी बदलायचे, भांडं आणायचे, आबा दांडी वाजवत राहायचे आणि शेवटी रडायचे. आबांना रडताना मी पहिल्यांदा पाहिलं. तिसऱ्या दिवशी गावाहून मोठीमाय आली. दारातच थबकून तिने क्षणभर ऐकलं आणि वडिलांना म्हणाली, "नही म्हनी राहिनात ना ते. कितली येळ दोनदा वाजाडतीन?" मग तिने एकेक विचारलं. कूस बदलायची? दोनदा. खिडकी? दोनदा. दाढी करायची? टण्ण. एकदा.

दोन दिवस ती अशीच विचारत राहिली, ते वाजवत राहिले. तिसऱ्या दिवशी मी शाळेतून आले तर ती चपला घालून तयार. "चाल, कासारकडे," म्हणाली. मला वाटलं माझ्यासाठी काही घ्यायचं असेल. बाजारात कासाराच्या दुकानात ती सरळ आत गेली आणि हात पुढे केले. "वाजतीन अश्या दे, भाऊ. नुसत्या दिसतीन अश्या नको." कासाराने तिच्या मोकळ्या कपाळाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "कोणासाठी, अक्का?"

"मनासाठे."

त्याने हात मागे घेतला. दुकानातल्या बाया बघायला लागल्या. मी घाबरले, हे कबूल करते. एवढं शिकून मी घाबरले. ती तशीच हात पुढे करून बसून राहिली, तो भरेपर्यंत. हिरव्या काचेच्या सहा-सहा आणि मागेपुढे गिलटाचे गोट. परतताना रिक्षात मी विचारलं, आता कशाला, आता तर तू बोलतेस ना? तिने नव्या बांगड्या कोपराकडे सारल्या. मग म्हणाली, "त्यास्नं तोंड बंद व्हयनं. आते मी एकलीच बोलू, हाई काही बरं नही दिसस."

घरी आल्यावर ती आबांसमोर गेली नाही. दोन खोल्यांमधल्या दाराआड उभी राहिली आणि मनगट चौकटीवर एकदा टेकवलं. टक्क, आणि मागून किणकिण. आबांचे डोळे मिटलेले होते, ते उघडले. ते दाराकडे बघत राहिले... मग डावा हात हळूहळू दांडीवर आला आणि एकदा वाजला. त्यांच्या अर्ध्या तोंडावर काहीतरी आलं. ते हसू होतं की रडू, मला कळलं नाही. आबा माफी मागत होते का? लोकांना असलं ऐकायला आवडतं, पण मी सांगणार नाही, कारण मला माहीत नाही. आणि फुटलेल्या बांगड्या एका हसण्याने सांधल्या जातात असं मला वाटत नाही. मला एवढंच माहीत आहे की पुढचे चार महिने त्या दोन खोल्यांत दिवसभर टक्क आणि टण्ण चाललेलं असायचं, आणि आबा पुन्हा रडले नाहीत.

आबा गेले. मोठीमाय गावी परतली ती बांगड्या घालूनच. त्यावरून काय काय झालं ते सगळं लिहीत नाही. हळदीकुंकवाला बोलावणी थांबली होती, ती तशीच थांबली. फुईआजीने तिच्या हातचं पाणी सोडलं. मोठीमायला कोणी ते सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "तहान लागनी म्हंजे पेई." पुढच्या उन्हाळ्यात फुईआजी मुक्कामाला आली आणि प्यायलीसुद्धा. शेवटपर्यंत मोठीमाय दोन्ही भाषा बोलली. तोंडाने गावाशी भांडली, ग्रामपंचायतीत जाऊन नळासाठी ओरडली, माझ्या भावाला शिव्या घातल्या. आणि घरात काम करताना हो-नाही मात्र मनगटानेच. गाव तिचं ते सगळं ओरडणं विसरलं आणि शांत बाई म्हणून तिला पोहोचवायला आलं. बायांनी आंघोळ घालताना तिच्या बांगड्यांना हात घातला, तेव्हा मी त्यांचे हात धरले. बांगड्या तिच्याबरोबर गेल्या.

गेल्या आठवड्यात मी गावी होते. भावाचं लग्न आधीच ठरलेलं, ते लांबवायचं नाही असं झालं, म्हणून घराला रंग देणं चालू आहे. रंगारी मधल्या दारापाशी आला. त्या सागाच्या चौकटीवर, बाईच्या मनगटाच्या उंचीला, बोटभर लांबीची खाच पडली आहे. गोटाने पाडलेली. आधी चांदीच्या, मग गिलटाच्या. रंगाऱ्याने तिथे अंगठा फिरवून पाहिला, दुसऱ्या हातात पुट्टीचा डबा होता. "ताई, हाई खड्डा बुजी देऊ ना?" त्याने विचारलं. "वरून रंग दिधा म्हंजे कोनले समजाव नही."

मी एरवी हातात घड्याळाखेरीज काही घालत नाही. पण मोठीमाय गेल्यापासून घालते आहे, काचेच्या, सुतक असतानाही घातल्या. मी चौकटीपाशी गेले आणि त्या खाचेवर मनगट दोनदा आपटलं.

रंगारी माझ्याकडे बघत राहिला. त्याला काही कळलं नाही.

मग मी तोंडाने सांगितलं. "नाही."